शनिवारची लिंबं

रस्त्यात पडलेली लिंबू-मिरची ओलांडायला आमचं अख्खं नाशिक घाबरतं. लिंबूसर ती उचलायचे. तेही अंबडच्या चौकात, शिफ्ट सुटायच्या वेळेला. मागे अडीच हजार मोटारसायकली आणि चार कंटेनर हॉर्न मारत असताना ते स्कूटर आडवी लावून उतरायचे, चिमट्यानं ती माळ उचलायचे, भिंगातून बघायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवीवर तारीख, वार, ठिकाण लिहायचे. मागच्या सीटवर मी. मी त्यांच्या प्रयोगशाळेचा परिचर, म्हणजे बाटल्या धुणारा, कुंड्या उचलणारा आणि प्रसंग पडेल तेव्हा ट्रॅफिक हवालदाराची समजूत काढणारा. एका हवालदारानं सरांकडे लायसन्स मागितलं, तर सरांनी नादात ती पिशवीच पुढे केली. तो मागे सरकत सरकत पार पाथर्डी फाट्याला पोचला, असं मी कॉलेजात सांगत असे.

"चार पावलं," सर मागून म्हणायचे. "चार पावलं मागे गेला तो. मी मोजली होती."

मोजणं हा त्यांचा एकच देव. मी मूळचा फुगवून सांगणारा माणूस. घरी दोन पाहुणे आले तर मी वरात आली म्हणतो. सरांपुढे माझी ही कला दोन मिनिटं टिकायची नाही. एका सकाळी मी धापा टाकत त्यांना सांगितलं की आपल्या रोपांच्या जाळीघरात तीन बिबटे येऊन झोपून गेलेत. नाशकात बिबट्या म्हणजे काही फार मोठी थाप नव्हे, तो गल्लीबोळांतून फिरतो. पण सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"किती?"

"तीन, सर."

"डोळ्यांनी पाहिलेस की कानांनी?"

"म्हणजे… एक असेल."

"शिरसाठ."

"ठसे होते, सर. छोटे होते."

"किती छोटे?"

मी जमिनीकडे बघितलं. "मांजर असेल."

"मग तसं लिही." आणि त्यांनी खरोखर जाळीघराच्या वहीत माझ्याकडून लिहून घेतलं: मांजर, संख्या एक, कुंडी क्रमांक सात उलथली.

ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. संशोधन कागदी लिंबावर, त्यातही लिंबाच्या खैऱ्या रोगावर. ज्यांच्या दारात लिंबू आहे त्यांनी तो पाहिलेला असतो, फक्त नाव ठाऊक नसतं. पानावर, फळावर, कोवळ्या फांदीवर तपकिरी खरबरीत फोड येतात, त्याभोवती पिवळं कडं. लिंबाला देवी आल्यासारखं दिसतं. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो पानावरून पानावर उडतो आणि फळाबरोबर गावोगाव प्रवास करतो. फवारे आहेत, बोर्डो मिश्रण आहे, छाटणी आहे, पण एकदा आला की पुरता जात नाही. ज्याला खैऱ्या होतच नाही असं झाड मिळालं, तर त्याच्या बियांतून रोपं करून घरोघर देता येतील, हे सरांचं आयुष्यभराचं म्हणणं.

आणि म्हणूनच ती रस्त्यावरची लिंबं. "लोकांना वाटतं मला वेड लागलंय," ते म्हणायचे. "अरे, सगळं शहर दर शनिवारी माझ्यासाठी फुकट प्रयोग मांडतं. एकाच वारी, एकाच उंचीवर, दारोदार लिंबू टांगतात. कुठल्या बाजूचं लिंबू रोगट आलं, कुठलं किती दिवसांत नासलं, सगळं आपल्याला आयतं कळतं. आणि हेही बघ, की रोग असाच फिरतो. लोक त्याला दोऱ्यात ओवून दारात आणून बांधतात." हे मी हजार वेळा ऐकलं. सर असते तर म्हणाले असते, नक्की किती वेळा? सांगता येणार नाही. पण ऐकलं होतं, हे विसरू नका.

माळ हातात आली की तिचं गाव ते न बघता सांगायचे. पंचवटीतली माळ लाल दोऱ्यात. घोटीच्या बाजारातली पांढऱ्या सुती दोऱ्यात, बिब्बा वर. आणि अंबडची तारेत. तिथं विजेच्या मोटारी वाइंड करणारी दुकानं, त्यांच्या भंगारातली केसाएवढी तांब्याची तार, वर वार्निशचा हात. नखानं खरवडलं की वार्निश निघून तांबं चमकतं. कॉलेजातली पोरं त्यांची परीक्षा घ्यायची, तीन माळा रुमालाखाली झाकून. सर बोट फिरवायचे आणि सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. हे फुगवून सांगत नाही, वहीत आहे.

स्वतः त्यांनी लिंबू सरबत कधी प्यायल्याचं मला आठवत नाही. चहा प्यायचे, चार चमचे साखर घालून. लोक मात्र त्यांना लिंबाचे उपयोग विचारायचे, कारण लोकांना रोगात रस नसतो, उपयोगात असतो. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी विचारलं, "सर, सकाळी लिंबूपाण्यानं वजन उतरतं का हो?"

"उतरतं," सर म्हणाले. "लिंबू आणायला इंदिरानगरच्या बोगद्यापर्यंत चालत गेलात तर."

झाड सापडलं ते घोटीच्या आठवडे बाजारात. भाद्रपदातला दिवस. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला हिराबाई बसली होती, पाड्यावरची बाई, पुढे करटुली, दोन काकड्या आणि लिंबांचा एक ढीग. सर त्या ढिगापुढे बसले ते उठेचनात. एकेक लिंबू फिरवून बघत होते. सुरुवातीला हिराबाईनं सोसलं, मग म्हणाली, "घ्यायची हायती का नुसती गोंजारायची?"

एकाही लिंबावर डाग नव्हता. घोटीच्या पलीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला याचा अर्थ कळेल. तिथला पाऊस वरून पडत नाही, समोरून चालत येतो आणि घरात शिरून पाटावर बसतो. अशा पावसात खैऱ्या न झालेलं लिंबाचं झाड म्हणजे पुरात न भिजलेली कापसाची गासडी. मी तेव्हाच ओरडणार होतो की सर, सापडलं. त्यांनी मला ओढून बाजूला घेतलं.

"ओरडू नकोस. दोन शक्यता आहेत. एक, या झाडाला खैऱ्या होत नाही. दोन, खैऱ्या या पाड्यापर्यंत अजून पोचलाच नाही. पहिलं असेल तर आयुष्याचं सोनं झालं. दुसरं असेल तर हे एकटं पडलेलं साधं झाड आहे."

झाड हिराबाईच्या घरामागे, भाताच्या बांधावर होतं. सासऱ्यानं लावलेलं. आसपास कोसभर दुसरं लिंबू नव्हतं. पाड्यावरच्या प्रत्येक घरात त्याच झाडाचं लोणचं. दिवाळीनंतर सगळी माणसं द्राक्षांच्या बागांत कामाला निघायची, तेव्हा प्रत्येकीच्या गाठोड्यात हिराबाईच्या लोणच्याची एक बरणी. पाहुण्याला ताप आला तर त्याच झाडाचं पान उकळायचं. मी म्हणालो, "सर, झाडालाच सुई टोचून बघू. रोगाचं पाणी आपल्याकडे आहे. महिन्यात कळेल."

ते माझ्यावर रागावले. अठरा वर्षांत दोनदा रागावले, त्यातलं हे एक. "दुसऱ्याच्या दारातल्या निरोगी झाडावर रोग सोडायचा? आणि दुसरी शक्यता खरी निघाली तर? बिया न्यायच्या. रोपं करायची. जे काय टोचायचं ते नाशकात, आपल्या जाळीघरात." त्या दिवसापासून पाड्यावर जाताना आम्ही बूट धुवायचो, कात्री स्पिरिटमध्ये बुडवायचो, अंगावरचे कपडे धुतलेले. हिराबाई हसायची. "झाडाला भेटाया येत्यात का नवरीला?"

बिया रुजल्या. चाळीस रोपं धरली. शेजारी बाजारातल्या साध्या लिंबाची दहा, ताडून बघायला. रोपं हातभर व्हायला दोन पावसाळे जाणार होते. आणि त्या दोन पावसाळ्यांच्या मध्ये सरांच्या पोटात गाठ निघाली.

मग आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते सांगायची मला लाज वाटते. लिंबानं कॅन्सर बरा होतो, असा एक मजकूर फिरत असतो ना, हात जोडलेल्या चित्रासह? तो आमच्या झाडून सगळ्या माणसांनी सरांना पाठवला. लिंबावर आयुष्य घालवलेल्या माणसाला लोक लिंबू प्या म्हणून सांगत होते. सरांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: किती जणांना दिलं? किती जगले? न दिलेल्यांपैकी किती जगले? एकाचंही उत्तर आलं नाही. हात जोडलेले मात्र पुष्कळ आले.

ऑपरेशन सोमवारी होतं. आदल्या शनिवारी झाडावरच्या नव्या फुटव्याची पानं मोजायला मला एकट्यालाच पाड्यावर जायचं होतं. अंबडच्या नाक्यावर माळा विकणारी बाई बसते, तिच्यापुढे माझी मोटारसायकल थांबली. मी थांबवली असं म्हणायला हवं. विज्ञान सरांचं होतं, भीती माझी होती. मी दोन माळा घेतल्या. अठरा वर्षं लिंबाची साल भिंगाखाली धरणारा मी, त्या लिंबांकडे नीट बघितलंसुद्धा नाही. नजरेची वस्तू म्हणून खिशात टाकली.

एक माळ मी सोमवारी सरांच्या खाटेच्या पायाला बांधली. ती सिस्टरनं तासाभरात काढून कचऱ्यात टाकली. दुसरी शनिवारीच झाडाला बांधली होती, वरच्या फांदीला, तार घट्ट पिळून. झाडाला सिस्टर नव्हती.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं.

पुढच्या भाद्रपदात सर म्हणाले, झाड बघायला जायचं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताईंनी, माझ्याकडे असं बघितलं की मी नाही म्हणावं. मला म्हणता आलं नाही. गाडी ठरवली, मागच्या सीटवर उशा लावल्या. पाड्याच्या चढावर त्यांना मी उचलून नेलं. माणूस उचलला की कळतं, वजन किती राहिलंय. हे मात्र मी मोजलं नाही.

झाडाखाली खुर्ची टाकून दिली. सर वर बघत होते. मग खाली. मग पुन्हा वर. वरच्या फांदीवर पानांना फोड आले होते, भोवती पिवळं कडं. तिथून खाली, जसे पावसाचे थेंब ओघळतात तसे, पायरीपायरीनं पसरत आले होते. पानं पोखरणाऱ्या अळीनं पडलेल्या नागमोडी रेघांत तर फोडांचा नुसता चिखल. सरांनी बोटानं ती उतरती वाट हवेत रेखली आणि तिच्या टोकाला बोट थांबलं. तिथं काळं पडलेलं, आक्रसलेलं काहीतरी लोंबत होतं.

"ते काढ."

मी काढलं. लिंबाची सुकलेली साल, मिरचीचे देठ, तार.

"हे कोणी बांधलं?" सरांनी विचारलं.

मी जगाला तीन बिबटे विकलेला माणूस. त्या घटकेला एक मांजर जमेना.

"म्या बांधलं, साहेब," हिराबाई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "दिष्ट लागंल म्हनून."

सरांनी तार दोन बोटांत धरली, नखानं एकदा खरवडली. मग पिशवी मागितली, तीत ती ठेवली आणि पिशवीवर काहीतरी लिहिलं. "बरं," एवढंच म्हणाले. मग मला पानं मोजायला लावली, एकेक. दोन तास. रोगट किती, निरोगी किती. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आणि मी थांबलो की म्हणायचे, "पुढे."

परतताना गाडीत मी धीर करून म्हणालो, "सर, झाड जखमी होतं. अळीनं पानं फाडली होती. एवढ्यावरून काही ठरत नाही ना?"

"नाही ठरत," ते म्हणाले. "रोपांवर ठरेल." आणि थोड्या वेळानं, "चाळीसांतली चार राहिली तरी पुरे, शिरसाठ. चार."

रोपांना सुई मी टोचली, कारण त्यांचा हात आता सुई धरत नव्हता. जाळीघराच्या दारात त्यांना खुर्चीत बसवायचं आणि प्रत्येक रोपाला टोचून त्यांना दाखवायचं. चाळीस हिराबाईच्या झाडाची, दहा साधी. ते शेवटचं त्यांचं कॉलेजात येणं. त्यानंतर इंदिरानगरच्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर. पोटात काही राहत नव्हतं. ताई लिंबाची फोड मीठ लावून ओठांना लावायच्या, तेवढ्यानं मळमळ थांबायची. त्यांनी मला त्याचीही नोंद करायला लावली: उपयोग, मळमळ. नमुना संख्या एक. निष्कर्ष काढता येत नाही.

एकविसाव्या दिवशी मी जाळीघरात भिंग घेऊन गेलो. सकाळी सुरू केलं आणि दुपारपर्यंत तीन वेळा मोजलं. साध्या दहांपैकी दहा. हिराबाईच्या चाळीसांपैकी चाळीस.

तिथून इंदिरानगरपर्यंतच्या रस्त्यात मी एक थाप रचली. आयुष्यात इतकी सुंदर थाप मी रचली नव्हती. सहा रोपं स्वच्छ राहिली. सहा, कारण चार म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता, दहा म्हटलं असतं तरी आला असता. कुंड्यांचे क्रमांकसुद्धा ठरवले. तीन, अकरा, बारा, एकोणीस, तीस, सदतीस. बोगद्याखालच्या गर्दीत अडकलो तेव्हा मी ते क्रमांक मोठ्यानं म्हणत होतो. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं मी लॉटरी लावतोय.

ताईंनी दार उघडलं. सर जागे होते. डोळे खोल गेलेले, पण चष्मा घातलेला.

"किती?"

मी तोंड उघडलं. ते सहा क्रमांक ओठांवर होते. त्यांनी नेहमीसारखा चष्मा कपाळावर चढवायला हात उचलला, पण तो अर्ध्यातच खाली आला. आणि माझ्याच्यानं झालं नाही.

"चाळीसपैकी चाळीस, सर."

"सगळी मोजलीस?"

"तीनदा."

"बरं." मग म्हणाले, "म्हणजे नुसतं एकटं होतं ते. वही काढ, लिही." मी लिहिलं. मला वाटलं संपलं, मी वही मिटायला लागलो.

"झाडाला रोग कसा लागला, तेही लिही."

"ते… हिराबाईंनी बांधलं होतं ना, सर."

त्यांनी डोळे मिटले. "शिरसाठ. डोळ्यांनी पाहिलंस की कानांनी?"

स्वयंपाकघरात ताई भांडी विसळत होत्या.

"हातांनी, सर," मी म्हणालो.

"मग तसं लिही."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, ती सही नव्हती, एक वाकडी रेघ होती. त्यानंतर पाच दिवस ते होते. झाडाविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. मी बाटलीतलं पाणी चमच्यानं पाजत असायचो आणि ते चमचे मोजायचे.

ती पिशवी नंतर त्यांच्या कपाटात सापडली. तारीख माळ काढली त्या दिवसाची. वार: शनिवार, बांधल्याचा, त्यांनी अंदाजानं घातलेला. ठिकाण: अंबड.

वही घेऊन मी पाड्यावर गेलो. हिराबाईला सर गेल्याचं सांगितलं. ती ओट्यावर बसून राहिली, पदर तोंडाला लावून. मग मी सांगितलं की ती माळ मी बांधली होती, आणि तुम्ही माझ्यासाठी सरांपुढे खोटं का बोललात?

"मला ठावं हाय तुमी बांधली ती. म्या बघितलं व्हतं तवाच, दारातून."

"मग काढून का नाही टाकली? तुमचं झाड होतं."

"आता काय सांगू, दादा," ती म्हणाली. "आमी आडानी मानसं. आमच्या हितं कुनी बांधत नाय झाडाला. पर म्या म्हनलं, एवढे बूट धुऊन येत्यात, कात्री धुऊन येत्यात, ते बांधत्यात म्हंजे त्यात काय तरी असंल. म्हनून ऱ्हाऊ दिली."

मी आणलेली बोर्डोची बादली उचलली, कात्री स्पिरिटमध्ये बुडवली आणि घरामागे बांधावर गेलो. रोगट फांद्या छाटून जाळायच्या होत्या. झाड अर्धं उघडं पडलं होतं. त्याच्या बुंध्याजवळ, हात पोचेल एवढ्या उंचीवर, लिंबू-मिरचीच्या नव्या माळा बांधलेल्या होत्या. पांढरा सुती दोरा, वर बिब्बा. घोटीच्या बाजारातल्या.

मी त्या चिमट्यानं सोडवल्या, पिशवीत घातल्या, पिशवीवर तारीख, वार, ठिकाण लिहिलं. संख्या तीन. दोनदा मोजल्या.